पुनर्विचारास वाव आहे

माझ्या सुनेला कुठलीही गोष्ट छातीठोकपणे सांगता येत नाही. हा तिचा स्वभाव की तिच्या धंद्याचा गुण, ते मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. आज छत्री नेतेस का म्हणून विचारावं, तर म्हणते, "न्यावी असं वाटण्याइतपत ढग आहेत." भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारलं, तर "बहुतेकांना चालेल." माझ्या मुलाने लग्नाचं विचारलं तेव्हाही तिने "शक्यता चांगली आहे" असं उत्तर दिलं होतं. तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या जगात लिफ्ट एक तर चालू असते, नाही तर बंद. "शक्यता चांगली" म्हणजे वर जायचं की खाली, हे न कळून त्याचं जेवणावरचं लक्षच उडालं. शेवटी तिनेच फोन करून विचारलं म्हणे, की तारीख कधीची धरतोयस.

ती अ‍ॅक्च्युअरी आहे. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होते. तिथल्या बायकांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सून अ‍ॅक्च्युअरी आहे, तर मशीनच्या धडधडीत त्यांनी अ‍ॅक्ट्रेस ऐकलं. लग्नाला अर्धी लॉन्ड्री लोटली. जाड भिंगांचा चष्मा आणि सपाट चपला घातलेली नवरी बघून एकीने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, विनोदी कामं करते का?

या लोकांचं काम असं, की किती माणसं किती वर्षं जगतील, किती आजारी पडतील, किती घरं जळतील याचा आधी अंदाज बांधायचा आणि विमा-पेन्शनवाल्यांना बजावायचं, एवढं बाजूला ठेवा. किती मरतील ते त्यांना सांगता येतं, कोण मरेल ते नाही. मी एकदा म्हटलं, माझं काय ते बघ की. तर म्हणाली, "आई, एकट्या माणसाबद्दल आम्हाला काहीच कळत नाही." मला ते उत्तर आवडलं. डॉक्टरसुद्धा एवढं कबूल करत नाहीत.

त्यांची एक संस्था आहे आणि संस्थेचं महिन्याचं पत्रक माझी सून काढते. फुकट. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला मटार, एका बाजूला लॅपटॉप. पत्रकाचे दोन भाग. पहिल्यात शिकण्याच्या बातम्या. या लोकांची परीक्षा पास होऊनही सुटका होत नाही. दर वर्षी ठरावीक तास काही तरी नवीन शिकल्याचं दाखवावं लागतं, नाही तर सही करायचा अधिकार जातो. तर कुठे व्याख्यान आहे, कुठे कार्यशाळा आहे, कुठे किती तास पदरात पडतील, ते सगळं पहिल्या भागात. दुसऱ्या भागात सरकारने कुठला नियम करायला घेतलाय, त्याचा मसुदा काय म्हणतो, आणि त्यावर मत कधीपर्यंत कळवायचं, ते. पहिला भाग सगळे वाचतात, कारण तास सगळ्यांना हवे असतात. दुसरा भाग ती स्वतः वाचते आणि छपाईआधी तपासणारा माणूस वाचतो. तोही बहुतेक.

एका रविवारी ती असाच दुसरा भाग लिहीत बसली होती आणि कडक आली.

कडक म्हणजे लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली. मोठ्या रोलरवर चादरी घालते. तिच्या हातची चादर पत्र्यासारखी निघते, म्हणून ते नाव पडलं, आणि स्वभावालाही ते शोभलं. मी निवृत्त झाले तेव्हा ती ऐन भरात होती. आता तिची नोकरीची दोन वर्षं उरली होती. घरी एकटी. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते, मला अक्का म्हणते आणि माझ्या घड्यांना नावं ठेवते.

त्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं, पेन्शनचं काय चाललंय ते तुझ्या सुनेला ठाऊक असेल ना? लॉन्ड्रीत कुजबुज आहे. सुनेने लॅपटॉप जरा कलता केला. ती नेमकं तेच लिहीत होती. पेन्शन विभागाचा मसुदा आला होता. नव्या वर्षापासून जे निवृत्त होतील, त्यांना पेन्शन मरेपर्यंत मिळणार नाही, बहात्तराव्या वर्षापर्यंत मिळेल. पुढे नावापुरता भत्ता. कारण काय, तर माणसं सरासरी बहात्तर वर्षं जगतात.

"मग मी सात वर्षांपूर्वीच वारले की," मी म्हटलं. "कुणी कळवलं नाही ते."

कडक हसली नाही. तिने विचारलं, आणि बहात्तरनंतर मी काय करायचं? सुनेने मटाराची एक शेंग हातात घेतली आणि समजावून सांगायला लागली. ते बहात्तर म्हणजे जन्मलेल्या सगळ्यांची सरासरी. ज्यांनी साठी गाठली, ते त्याच्या पुष्कळ पुढे जातात. मावशी, तुम्ही साठीपर्यंत आलात म्हणजे वाटेतले सगळे खड्डे चुकवून आलात. तुमच्यासाठी वेगळा आकडा लागतो. हे बहात्तर खाली येतं, कारण त्यात पाळण्यात गेलेली मुलंसुद्धा...

आणि ती थांबली. माझ्याकडे बघून थांबली.

माझं पहिलं बाळ डोळे धड उघडायच्या आत गेलं. आमच्या घरात तो विषय निघत नाही, मी काढत नाही. पण त्या दिवशी मीच विचारलं, म्हणजे तेही आहे त्यात? ती म्हणाली, "आहे, आई. त्याच्यासारखी सगळी आहेत." मी म्हटलं, आणि त्यांच्यामुळे हिची पेन्शन लवकर थांबणार? तिने होकाराची मान हलवली. मी शेंगा सोलत राहिले. इतक्या वर्षांनी माझ्या बाळाला कुणी तरी हिशोबात धरलं होतं, आणि तेही असल्या कामासाठी.

कडकपुढे सरळ प्रश्न होता. वर्ष संपायच्या आत स्वतःहून निवृत्त झाली, तर जुना नियम लागणार. पेन्शन थोडी कमी बसेल, पण मरेपर्यंत चालेल. थांबली आणि मसुदा पास झाला, तर बहात्तरला खेळ खलास. पण मसुदा मागे घेतला, तर ती दोन वर्षं फायद्याचीच. आणि तिला काम सोडायचं नव्हतं. घरी बसून काय भिंतींना इस्त्री करू, म्हणाली.

"तू सांग, पोरी. निघू की थांबू?"

सून म्हणाली, "मसुदाच आहे, मावशी. चूक इतकी उघड आहे की ती तशीच राहण्याची शक्यता कमी वाटते. थांबायला हरकत नसावी."

कडकने ऐकलं ते एवढंच, की थांब. पुढचं 'नसावी' तिच्या एका कानाने आत गेलं आणि दुसऱ्या कानाने बाहेर पडलं. वाटोळं झालं ते तिथे. पण तेव्हा आम्ही तिघींनी चहा घेतला.

सुनेने त्याच दिवशी संस्थेच्या वतीने पाठवायचं मत लिहिलं. लांबलचक होतं, तक्ते होते, पण पहिलं वाक्य मला वाचून दाखवलं: "मसुद्यात वापरलेला आकडा चुकीचा आहे." मी थक्क झाले. या बाईने कधी मीठसुद्धा इतक्या ठामपणे घातलं नव्हतं.

ते मत आधी संस्थेच्या धोरण समितीकडे जायचं. समितीचे अध्यक्ष मोठे विद्वान आणि सज्जन गृहस्थ. त्यांना एकच खोड. कुठलंही वाक्य दाखवा, ते त्यात एक स्वल्पविराम घालतात. माझ्या मुलाने त्यांचं नावच स्वल्पविराम ठेवलंय, आणि सून वरून रागावली तरी आतून तिलाही ते पटलंय. त्यांचे फोन सुरू झाले. ती फोन टेबलावर ठेवून बोलायची, हात कामात असायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

त्यांचं म्हणणं असं, की 'चुकीचा' हा शब्द काढावा. आपण धोरणात बाजू घेत नाही. चूक म्हटलं की विभागातली माणसं दुखावतात, दार लावून घेतात, आणि पुढच्या मसुद्याला आपल्याला कुणी विचारत नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. सुनेलाही ते कळत होतं, म्हणून तर तिचा जास्त जळफळाट. ती म्हणायची, ही बाजू नाही, सर. ही बेरीज आहे. ते म्हणायचे, बेरीज आहेच, पण ती सौम्यपणे मांडता येईल.

मग 'चुकीचा आहे'चं झालं 'योग्य वाटत नाही'. समितीतल्या कुणाला 'वाटत नाही' खटकलं, तर झालं 'अधिक योग्य असू शकला असता'. ते वाचून माझ्या मुलाने डोक्याला हात लावला. म्हणाला, "आमच्याकडे लिफ्टचा दोर तुटायला आला की आम्ही 'बंद आहे' अशी पाटी लावतो. 'दोर अधिक योग्य असू शकला असता' अशी लावली तर माणसं आत शिरतील आणि आम्ही तुरुंगात जाऊ."

"तुमच्या पाटीला समिती नसते," सून म्हणाली.

तिला एकटीच्या नावाने मत पाठवता येत नव्हतं. पत्रकाची संपादक असल्यामुळे ती संस्थेची पदाधिकारी, आणि पदाधिकाऱ्यांनी वेगळा सूर लावायचा नाही असा नियम. पद सोडावं, तर समितीत हा विषय धरून बसणारं दुसरं कुणीच नाही. दोन्हीकडून कोंडी. त्या दिवसांत ती भांडी घासायची तेव्हा मी बाजूला व्हायची. एका कपाचा कान गेला. मी तो कान केराच्या डब्यात टाकला, कप माझ्या माहेरचा होता तरी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी जे वाक्य गेलं, ते असं: "सदर आकड्याची निवड समजण्याजोगी असली, तरी, त्यात पुनर्विचारास वाव आहे." शेजारी शेजारी दोन स्वल्पविराम. सुनेने ते पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि भर दुपारी जाऊन झोपली. ती दुपारची कधी झोपत नाही.

मधल्या काळात कडक दर सुट्टीला यायची आणि विचारायची, काय झालं ग तुमच्या कागदाचं? सून म्हणायची, पाठवलाय, मावशी, बघू. तिला वाक्य मात्र वाचून दाखवलं नाही. मीही दाखवलं नाही. माझ्या डोक्यात कुठे तरी होतं, की शिकलेल्या लोकांमध्ये 'वाव आहे' म्हणजे जोरदार शिवी असेल.

निकाल लागला तो माझ्या मुलाने चहा पिता पिता मोबाइलवर वाचला. विभागाने मसुदा जसाच्या तसा मंजूर केला होता. खाली ओळ होती, की तज्ज्ञांच्या संस्थेने आकड्याची निवड समजण्याजोगी असल्याचे कळवले आहे. एवढंच. वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्यांनी घेतलाच नव्हता. कात्री कुठे लावायची ते स्वल्पविरामांनीच दाखवून दिलं होतं.

सुनेने मोबाइल हातात घेऊन ते पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मावशींना मी सांगते."

पण सांगितलं नाही. आज जाते, उद्या जाते. फोन उचलायची आणि ठेवायची. मी म्हटलं, मी सांगू का? तर नाही, म्हणाली, माझ्या तोंडून गेलं पाहिजे, नीट शब्द शोधते. मला भीती वाटली की शब्द सापडेपर्यंत वर्ष संपेल. दिवस तसेही थोडेच राहिले होते.

त्यात संस्थेने आणखी एक गंमत केली. वर्ष संपत आलं की तास कमी पडलेल्यांची धावपळ होते, म्हणून एक घाईचं प्रशिक्षण ठेवायचं ठरलं. विषय, 'सामान्य नागरिकांशी सुस्पष्ट संवाद'. वक्ता कोण, तर माझी सून. पत्रकामुळे तुमची भाषा फार सोपी आहे, असं स्वल्पविराम स्वतः फोनवर म्हणाले. ती 'हो' म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर एवढी हसली की मला तिची काळजी वाटली.

शनिवारी सकाळी प्रशिक्षण सुरू झालं. ती टेबलाशी लॅपटॉपसमोर, मी मागे खिडकीजवळ, चित्रात येणार नाही अशी. पडद्यावर चौकोनच चौकोन, निम्म्यांत माणसाऐवजी नुसतं नाव. तास मोजले जात होते, माणसं बहुधा बाजारात होती. सून सांगत होती, की ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याला पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे. मग तिने पडद्यावर तेच वाक्य लावलं, दोन्ही स्वल्पविरामांसकट. यातून काय कळतं, लिहा, म्हणाली. एकाने लिहिलं, सगळं ठीक आहे. दुसऱ्याने लिहिलं, थोडी सुधारणा सुचवली आहे. तिसऱ्याने विचारलं, या प्रश्नाचे वेगळे तास मिळणार का? चुकलंय असं कुणीही लिहिलं नाही.

तेवढ्यात दार ढकलून कडक आत आली. अंगावर लॉन्ड्रीचा कोट, कामावरूनच आली होती. मी ओठांवर बोट ठेवलं, पण ती असल्या खुणांना जुमानणारी नव्हे. सरळ टेबलापाशी गेली.

"कामावर म्हणतात नियम झाला. तू तर थांब म्हणाली होतीस. मी थांबले. आता काय करू ते सांग, म्हणजे मी जाते."

सुनेचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला. मला दिसलं ते. आणि मग तो तिथून मागे आला.

"नियम बदलणार नाही, मावशी. वर्ष संपायच्या आत निघा. सोमवारी अर्ज द्या."

"बहुतेक?" कडकने विचारलं. इतकी वर्षं ओळखते ती तिला.

"बहुतेक नाही. नक्की. आणि मी पहिल्या दिवशीच तुम्हाला 'हरकत नसावी' म्हणाले, ते माझं चुकलं. मला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायला हवं होतं."

कडकने खुर्ची ओढली आणि बसली. मग म्हणाली, "हे कळलं," आणि माझ्याकडे वळून, "अक्का, पाणी दे."

 पडद्यावर ज्या चौकोनांत नुसती नावं होती, त्यांतल्या काहींत आता चेहरे आले होते. सून पुन्हा समोर बघून म्हणाली, माझं संपलं. स्वल्पविराम अध्यक्ष होते, आभार त्यांनाच मानायचे होते. त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, वक्त्यांच्या मांडणीत, विशेषतः शेवटी, स्पष्टतेस भरपूर वाव होता. चांगल्या मनाने म्हणाले असतील. सगळ्यांना तास मिळाले.

कडकने सोमवारी अर्ज दिला. वर्षअखेरीला तिला लॉन्ड्रीतल्या बायकांनी निरोप दिला, आणि तिने निरोपाच्या टेबलावरची चादरही ओढून नीट केली. ती खूश नाही. दोन वर्षं अजून केली असती, असं येता-जाता ऐकवते. आता ती आमच्याकडे येऊन माझ्या मुलाच्या कामाच्या कपड्यांना इस्त्री करते. तो बिचारा दोन्ही पायांवर कडक घड्या पाडून लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. सुनेवर तिचा राग आहे की नाही ते मी विचारलं नाही. एकदा नुसती म्हणाली, पोरगी हुशार आहे, पण हिच्या तोंडून शब्द काढायला वाफ लागते.

स्वल्पविरामांचा फोन आला होता. तुमच्या मूळ वाक्यात, तसं पाहिलं तर, तथ्य होतं, म्हणाले. सून म्हणाली, 'तसं पाहिलं तर' काढून टाका, सर, मग मान्य. त्यावर ते समितीशी बोलून कळवतो म्हणाले. अजून कळवायचे आहेत.

गेल्या आठवड्यात कडक लॉन्ड्रीतल्या एका तरुण पोरीला घेऊन आली. धुलाईच्या मशीनवर असते, नुकतंच बाळ झालंय, तेही कडेवर होतं. तिलाही तेच विचारायचं होतं, मी काय करू? सुनेने तिला बसवलं, बाळाला माझ्याकडे दिलं आणि सांगितलं, "तुला काहीच करता येणार नाही. तुला नवा नियम लागणार. तो चुकीचा आहे, आणि तो बदलेपर्यंत चुकीचाच राहणार." पोरीने मान डोलावली. कडक तिच्यावरच खेकसली, मान काय डोलवतेस, विचार की कधी बदलणार ते.

"माहीत नाही," सून म्हणाली.

त्या गेल्यावर तिने पत्रकाचा दुसरा भाग उघडला. वर फक्त एकच शब्द लिहिलाय, 'चूक', आणि त्यापुढे पूर्णविराम. आता हे पान समितीकडे जाईल. तो पूर्णविराम तिकडून काय होऊन परत येतो, याची आम्ही दोघी वाट बघतोय, आणि मी माहेरचे उरलेले कप वरच्या फळीवर ठेवलेत.